सक्रूचा दोर

या कड्याला पायवाटसुद्धा फुटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या पाड्यातले ठाकर आग्या मोहोळाचा मध काढायला दोराने कडा उतरत. वर दोर धरायचा तो बायकोच्या भावाने, असा नेम होता. बहिणीचं कुंकू पुसायला कुठल्या भावाचा हात धजेल?

धाकूचा दोर त्याचा मेव्हणा सक्रू धरायचा. पण धाकू दारू पिऊन बायकोला, बुधीला, मारायचा. एकदा हळदीच्या मांडवात सक्रू सगळ्यांसमोर कडाडला, "पुन्हा हात टाकलास तर ध्यानात ठेव, तुझा दोर माझ्या हातात असतो!" रागाचं बोलणं ते. बाकीचे विसरले. धाकू विसरला नाही, कारण त्याने पुन्हा हात टाकला होता. चोराच्या मनात चांदणं!

त्या चैतात तो कुणाला न सांगता गेला आणि दोर जांभळीला बांधून उतरला. झाडाला राग येत नाही, एवढंच त्याचं शहाणपण. बुधीला कळलं तशी ती भावाकडे धावली. "भाऊ, त्यो एकलाच उतारलाय. धर जा दोर!" ज्याचा मार खाल्ला त्याच्यासाठी ती धावली. मला विचाराल तर हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

सक्रू पोचला तेव्हा दोर दगडाच्या धारेवर घासून एका पेडावर आला होता. त्याने वाकून तो घासल्या जागेच्या खाली दोन्ही हातांनी धरला. दोर हलला तसा खालून धाकू ओरडला, "कोण हाय?"

"मी सक्रू. भिऊ नको, वर ये."

धाकूला वाटलं, आला हा सूड घ्यायला. कपारीत उंबराची मुळी होती. ती त्याने पकडली आणि कमरेची गाठ सोडली. मुळीवर टाकला तेवढा भरवसा त्याने मेव्हण्यावर टाकला नाही. मुळी उपटून आली.

सक्रूच्या हातातला दोर हलका झाला. असं म्हणतात, त्याने तो सोडलाच नाही. सात दिवस तो तिथेच बसून राहिला. माश्या त्याच्या अंगभर बसल्या, पण एकही डसली नाही, असंही म्हणतात. कपाळ पुसलेली बुधी येऊन रडली, "भाऊ, सोड आता."

"सोडला तर त्याचंच खरं व्हईल," सक्रू म्हणाला.

आठव्या दिवशी तिथे माणसाएवढा दगड होता आणि दोर त्यात रुतला होता.

आजही वर दोर धरणारा कुणीही असो, खालून "कोण हाय?" आलं की त्याने "सक्रू" म्हणायचं. ते ऐकल्यावर खालच्याने निर्धास्त भार टाकायचा, असा रिवाज आहे. पण माझी उभी हयात या कड्यावर गेली. नाव ऐकून लगेच भार टाकणारा मला अजून दिसला नाही. प्रत्येक जण आधी कपार चाचपून बघतो.