दोन खोकी आणि बर्फातलं भोक

“...पण आबा, दोन्हीपैकी कोणतं? कॅमेरा की सोनार?”

श्रेयसने हे तिसऱ्यांदा विचारलं.

लवूआबा बर्फातल्या भोकाकडे बघत होते. बघतच राहिले.

...

आम्ही तिघं एका गोठलेल्या तळ्यावर, केशरी तंबूत, उलट्या बादल्यांवर बसलो होतो. टोरांटोहून दीड तासावरचं हे तळं. पायाखाली हातभर जाड बर्फ, त्याला गिरमिटाने पाडलेलं ताटाएवढं भोक आणि त्यात काळं पाणी. मी आबांचा शेजारी. दर शनिवारी त्यांना गाडीतून इथे आणायचं आणि थर्मासमधला चहा ओतायचा, एवढंच माझं काम. त्यामुळे जे झालं ते मला नीट बघता आलं.

लवू तारी मूळचे आचऱ्याचे. चाळीस वर्षं समुद्रात होडी घातली. बायको गेल्यावर लेकीने इकडे आणलं. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीत बसून काढला आणि दुसऱ्या हिवाळ्यात कुणीतरी त्यांना या तळ्यावर नेलं. आता इथले गोरे म्हातारेसुद्धा आपापली भोकं सोडून आबांच्या भोकाशी येऊन उभे राहतात. त्यांना आबांचं मालवणी कळत नाही, आबांना त्यांचं इंग्रजी कळत नाही. तरी गप्पा तास तास चालतात.

श्रेयस गोगटे सांगलीचा, इंजिनीअर. घरात चार पिढ्या माशाचा वाससुद्धा आलेला नाही. पण लग्न केलं ते आचऱ्याच्या रसिकाशी, म्हणजे आबांच्या लेखी तो गावचा जावई. त्यामुळे त्याला उपदेश करण्यापेक्षा त्याची थट्टा करण्याचा हक्क आबांना जास्त होता, आणि तो ते मनसोक्त बजावत.

रसिकाला सातवा महिना होता. उद्या दुपारी डोहाळजेवण. मैत्रिणी गोडधोड करणार होत्या, पण तिला गोड नको होतं. श्रेयसने लाडात येऊन विचारलं होतं, तुला काय हवंय ते सांग. तिने सांगितलं, तू तुझ्या हाताने धरलेला मासा.

दुकानातला नको. बर्फाच्या पेटीतला तर नकोच.

त्यानंतर दोन शनिवार श्रेयस या तळ्यावर येऊन रिकामा परत गेला होता. आजचा तिसरा, आणि शेवटचा.

तर या वेळी तो दोन खोकी घेऊन आला. ओळखीच्या दुकानदाराने वापरून बघायला दिलेली. एक ठेवायचं, दुसरं संध्याकाळपर्यंत परत द्यायचं. एकात पाण्याखाली सोडायचा कॅमेरा, दुसऱ्यात सोनार. दोन्हींची तुलना करणारा एकोणीस रकान्यांचा तक्ता त्याने केला होता, आणि तो मोबाईलवर आबांना वाचून दाखवायचीही तयारी ठेवली होती.

“कॅमेरो काय दाखयता?” आबांनी अखेर विचारलं.

“मासा दाखवतो. अगदी डोळ्यांसमोर. पण पाणी गढूळ असलं तर काहीच नाही.”

“आणि तां दुसरां?”

“सोनार आवाज पाण्यात सोडतो. तो माशावर आपटून परत आला की मासा किती खोल आहे ते कळतं. गढूळ असो, अंधार असो. पण मासा कसा आहे ते नाही दिसत. नुसती रेघ दिसते.”

आबांनी थोडा विचार केला.

“दोनय सोड,” ते म्हणाले.

...

दोन्ही सोडली. शेजारी आणखी एक भोक पाडावं लागलं, ते गिरमिट मी फिरवलं. याची नोंद कुणी घेतली नाही म्हणून इथे करून ठेवतो.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तळ्याचा तळ उजळला. हिरवट उजेड, शेवाळाचे झुपके, एक बुडालेली फांदी. मला वाटलं होतं आबा नाक मुरडतील. जुन्या माणसाने यंत्राला नाकं मुरडायची असतात, असा आपला एक समज असतो. पण आबा बादलीवरून उठले आणि पडद्यासमोर चक्क गुडघ्यांवर बसले.

“चाळीस वर्षां वरसून बघलंय,” ते म्हणाले.

मला उगाच भरून आलं. मी चहा ओतला.

मग मासा आला. इथे पर्च म्हणतात तो, अंगावर पट्टे असलेला. सोनारवर लाल रेघ सरकली, कॅमेऱ्यात तो स्वतः आला, आमिषाशी थांबला आणि तोंड उघडू लागला. श्रेयसने लगेच गळाची काठी ओढली. मासा गेला.

दुसरा आला. त्यालाही तोंड मिटायची सवड मिळाली नाही. आबा लहान मुलासारखे हसले. त्याला जेवू दे तरी, असं काहीसं म्हणाले.

श्रेयस चिडला, पण हुशार माणूस होता. तिसऱ्या वेळी तो थांबला. रेघ वर आली. मासा आला, आमिष गिळलं, वळला. श्रेयसने आता ओढलं. छोटी काठी वाकली, दोर वर आला, आणि चांगला वीतभर लांबीचा मासा भोकातून बाहेर बर्फावर येऊन पडला. पडताना गळ त्याच्या तोंडातून सुटला.

“आबा, धरा,” श्रेयस म्हणाला.

तो बादलीसकट मागे सरकला होता. दोन्ही हात जाकिटाच्या खिशात.

आबांच्या हातात चहा होता. मी उठायला लागलो, तर त्यांनी डोळ्यांनीच मला बसवलं.

“आबा, धरा ना.”

आबांनी चहाचा घोट घेतला.

मासा एकदा उडाला. दुसऱ्यांदा उडाला. तिसऱ्यांदा उडाला तो बरोबर भोकात. पाणी हललं आणि शांत झालं.

...

तंबूच्या कापडावर वारा तेवढा वाजत होता.

“कॅमेऱ्यान दाखयलो?” आबांनी विचारलं.

“...दाखवला.”

“सोनारान सांगितलान?”

“सांगितलं.”

“मगे गेलो खंय?”

श्रेयसने मान खाली घातली. एकोणीस रकान्यांत या प्रश्नाला जागा नव्हती.

मग तो हळूहळू बोलू लागला. लग्न झाल्यापासून तो मासे खातो, आवडीने खातो, पण आजवर एकदाही मासा हातात घेतलेला नाही. रसिका मासे साफ करायला बसली की तो बाल्कनीत जाऊन उभा राहतो, उणे पंधरातसुद्धा. मेलेल्याला हात लावायची हिंमत नाही, तर जिवंत कुठून धरणार? त्याला वाटलं होतं, यंत्र चांगलं असलं की बाकीचं आपोआप जमेल.

आबा ऐकत होते. हसले नाहीत.

“भितंस कसल्याक? चावता थोडोच.”

“चावण्याचं नाही आबा.”

...

“निसटेल याचं,” श्रेयस म्हणाला.

त्याने खिशातून हात काढले आणि त्यांच्याकडे बघितलं.

“गेल्या महिन्यात सोनोग्राफीला गेलो होतो. बाळ पडद्यावर दाखवलं, ठोके ऐकवले. मी तपासणाऱ्या बाईंना मशीन कितव्या पिढीचं आहे ते विचारलं. रसिका अजून त्यावरून चिडवते. ते चित्र मोबाईलवर आहे, रोज बघतो. दहा वेळा बघतो. पण आबा, एक दिवस ते बाहेर येणार. रसिका माझ्या हातात देणार. एवढंसं असतं ते. कसं धरतात? माझ्या हातून निसटलं तर?”

हे त्याने अजून रसिकालाही सांगितलेलं नव्हतं. ते त्याच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं.

मला काहीतरी धीर द्यावासा वाटला. सगळ्यांना जमतं, तुलाही जमेल, असलं काहीतरी. बरं झालं बोललो नाही.

आबांनी कप खाली ठेवला.

“हातमोजे काढ,” ते म्हणाले. “हात भिजव.”

“या पाण्यात?”

“सुक्या हातान जीव धरूचो नाय. त्याका भाजता.”

श्रेयसने हातमोजे काढले, भोकाशी वाकला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत काळ्या पाण्यात घातले. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो सांगलीत कुणी काढला नसेल. आबा पुन्हा खुशीत आले.

...

यंत्रं कुणी बंद केली नाहीत. आबांना पडदा बघायचाच होता. रेघ सरकली, मासा आला, श्रेयस थांबला, ओढलं, आणि मासा बर्फावर आला. पहिल्यापेक्षा मोठा. या खेपेला गळ तोंडात पक्का होता.

श्रेयसने हात पुन्हा पाण्यात बुडवले आणि माशावर ठेवले. मासा सळसळला. त्याने दचकून मुठी आवळल्या.

“आवळू नको,” आबा म्हणाले.

त्याने बोटं सैल केली. मासा निसटून त्याच्या मांडीवर आला, तिथून पोटावर. त्याने दोन्ही हातांनी त्याला जाकिटाशी कवटाळलं.

“सोडू नको.”

“आवळू नको, सोडू नको. मग करू काय?”

“ताच.”

...

आणि मग त्याला ते जमलं. कसं ते मला सांगता येणार नाही. एका क्षणी त्याचे खांदे खाली आले, हातांतला ताठा गेला आणि मासा त्याच्या ओंजळीत शांत पडला. कल्ले उघडत होते, मिटत होते.

“श्वास घेतोय,” श्रेयस म्हणाला. “हाताला लागतंय आबा. श्वास लागतोय हाताला.”

तो हसत होता आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

आबांनी गळ कसा फिरवून काढायचा ते बोटाने हवेतच दाखवलं. श्रेयसने तो काढला. स्वतः काढला. मग मासा पाण्याच्या बादलीत सोडला आणि बादलीत डोकं घालून बघत बसला. रसिकाचं ताट भरलं होतं. तिला कळवायला त्याने मोबाईल काढला, पण ओल्या गारठलेल्या बोटांना तो दाद देईना. तेव्हा त्याने तो मला दिला आणि लिही म्हणाला, मिळाला. मी लिहिलं. मग म्हणाला, लिही, हाताने धरला. तेही लिहिलं. उत्तरात नुसती हृदयं आली, सात-आठ.

आबांनी तंबूचं दार उघडून शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याला हाक मारली आणि बादली दाखवली. आमचो जावय, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. त्याला काय कळायचं ते कळलं. त्याने श्रेयसच्या पाठीवर अशी थाप मारली की तो भोकातच जायचा.

थोड्या वेळाने श्रेयसला खोक्यांची आठवण झाली. आजच्या आज एक परत करायचं होतं.

“मग आबा, कुठलं देऊ परत?”

“खयचाय एक दी,” आबा म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरच होती. “पण कॅमेरो सांजेपर्यंत रवांदे. माका बघूचो आसा.”

...

निघण्याआधी शेवटचा म्हणून टाकलेल्या गळाला एक इवलासा मासा लागला. बोटभर. पट्टेसुद्धा नीट उमटले नव्हते.

कुणी न सांगता श्रेयसने हात पाण्यात बुडवले. न सांगता गळ काढला.

“पोर आसा तां,” आबा म्हणाले. “परत घाल.”

श्रेयस ते पिल्लू भोकात टाकणार, इतक्यात आबांनी त्याच्या कोपराला हात लावला.

“टाकू नको. ठेव.”

श्रेयस गुडघ्यांवर बसला. पिल्लू त्याच्या उजव्या तळव्यावर होतं. तो हात हळूहळू पाण्याकडे नेऊ लागला. आबाही त्याच्या शेजारी खाली बसले, पार त्याच्या खांद्याशी खांदा लावून.

“दुसरो हात मानेखाली घाल,” ते म्हणाले.

श्रेयसने डावा हात पुढे आणला. पिल्लाच्या खाली सरकवला, थोडा पुढे नेला, थोडा मागे घेतला. नीट जागा सापडेना.

“आबा, माशाला मान कुठे असते?”

...

आबांनी त्याचा डावा हात स्वतःच्या हाताने जिथे हवा तिथे आणून ठेवला.

“माशाक नसता.”