राहेलमावशीचे मळके पाय

नियमांना वैतागून मी बायबल शाळा सोडली आणि त्या नियमांवरच चार पानी भाषण लिहून खिशात घालून फिरू लागलो, इतका मी शहाणा!

रविवारी चर्चच्या दारात शद्रकराव या आमच्या फुगलेल्या पंचांनी राहेलमावशीला अडवलं. "नियम सतरावा. मळक्या पायांनी प्रभुभोजन मिळणार नाही."

वर्षभर आजारी असलेली मावशी प्रभुभोजनातल्या भाकरीच्या त्या एका घासासाठी चिखल तुडवत आली होती. मी भाषण उलगडेपर्यंत ती पायरीवर पाय पसरून बसलीसुद्धा.

"बरोबर आहे, शद्रकराव," ती म्हणाली. "पहिल्या प्रभुभोजनाच्या रात्री शिष्यांचेही पाय मळकेच होते. तेव्हा प्रभूनं जे केलं, तेवढं तुम्ही करा."

सगळी मंडळी बघत राहिली. शद्रकराव बाह्या सारून मावशीचे पाय धुवायला खाली वाकले. पाणी मी आणलं. टॉवेल सापडेना, तेव्हा माझं भाषण पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी आलं.