शेजारचा विस्तव

टण्... टण् टण्. तव्यावर उलथन्याने मारलेली ती हाक फार वर्षांपूर्वी ऐकली, अजून कानात आहे. तो तवा जिचा, तिची ही गोष्ट.

एका राज्यात राजवाड्यासमोर मोठा चौक होता. चौकाभोवती दगडी खानावळी, पितळी दारांच्या, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. त्यांचा मुख्य माणकोजी. एका सकाळी हौसाक्का नावाची बाई चाकांवरची चूल ढकलीत तेथे आली. नव्या शेजाऱ्याच्या रीतीप्रमाणे हाती खापर घेऊन तिने माणकोजीच्या दारी विस्तव मागितला.

"चाकांवरच्या चुलीला शेजार नसतो, बाई," माणकोजी म्हणाला. "आज इथं, उद्या तिथं. चालू लाग."

हौसाक्काने कुंभाराच्या भट्टीतून निखारा आणला, भाकरी थापली, तवा वाजवला. लोक धावले. त्याच घटकेला खानावळींच्या साऱ्या चुली थंड पडल्या. ज्वाळा दिसे, पण पाणी कोमटही होईना.

माणकोजी राजाकडे गेला. "महाराज, ही चेटकीण आहे. हिची गाडी जाळावी."

राजा म्हणाला, "तिला तीन कामे सांग. सूर्यास्तापर्यंत एक जरी राहिले, तरी गाडी जळेल."

"वेशीवरच्या दगडी सिंहाला जेवू घाल," चौकात येऊन माणकोजी हौसाक्काला म्हणाला. "तळ्यातल्या नागाकडून मीठ आण. आणि आमच्या चुली तापव."

हौसाक्काने सिंहापुढे पिठलं-भाकरी ठेवली. सिंहाने जबडा उघडला, वास घेतला. "कांदा नाही?"

"आहे की! चिरून देऊ का फोडून?"

"फोडूनच," सिंह म्हणाला, आणि जेवला.

नागाने विचारले, "मिठाच्या बदल्यात काय देशील?"

"आधी जेवलास का ते सांग. मिठाचं मग बघू."

असे त्याला कोणी विचारले नव्हते. त्याने मीठ दिले.

चुली मात्र तापेनात. फुंकून फुंकून हौसाक्काचे डोळे लाल झाले. सूर्य तटाला टेकला. मशाली घेऊन शिपाई गाडीभोवती उभे राहिले. तेव्हा राजवाड्याच्या महाद्वारावरची म्हातारी साळुंकी बोलली, "शाप या बाईचा नव्हे. विस्तव नाकारला, म्हणून चुली रुसल्या. नाकारणाऱ्याने तिच्याकडे तो मागावा, म्हणजे शाप उतरेल."

"माझ्या आजाने कोणापुढे हात पसरला नाही!" माणकोजी ओरडला.

"तुझ्या आजाची चूल माझ्यादेखत पेटली, माणकोजी. निखारा एका गाडीवरूनच आणला होता."

हौसाक्का गाडीपाशी ताठ उभी राहिली.

"माझ्या चुलीला दार नाही, माणकोजी," ती म्हणाली. "म्हणून ते कधी बंदही नसतं."

माणकोजीने तिचे खापर उचलले आणि पुढे केले. तिने त्यात सर्वांत लाल निखारा ठेवला. ठेवताक्षणी चौकभर चुलींवरचे पाणी उकळू लागले. राजाने मशाली विझवायला लावल्या, आणि महाद्वाराजवळची जागा गाडीला कायमची दिली.

हौसाक्काने तवा वाजवला. टण्... टण् टण्.

माणकोजीने वाऱ्याच्या अंगाला तळहात आडवा धरला, आणि निखारा जपत आपल्या दाराकडे निघून गेला.