दुभाजकातली फट

एक म्हातारे होते आणि त्यांचा एक शिष्य होता. गोष्टीतल्या म्हाताऱ्यांना असते तशी दाढी यांना नव्हती, आश्रम नव्हता, वडाखाली बसायची सवय नव्हती. होती एक काळी छत्री आणि खांद्याला शबनम पिशवी. रस्त्यावर माणसं मरू नयेत म्हणून देशभरातल्या एकवीस संस्थांनी मिळून एक महासंघ केला होता, त्याचे हे अध्यक्ष. सगळे त्यांना नाना म्हणायचे. केरळवालेसुद्धा नानाच म्हणायचे.

आता महासंघ म्हणजे काय, तर एकवीस तोंडं. कुणाला आधी हेल्मेट हवं, कुणाला आधी ॲम्ब्युलन्स, कुणाला आधी पत्रकावर आपलं नाव वरती हवं. नानांनी ही एकवीस तोंडं बारा वर्षं एका खोलीत बसवली आणि प्रत्येक वेळी त्यांचं एकमत करून दाखवलं. पाच-सहा चहा लागायचे, पण व्हायचं.

शिष्याचं नाव विश्वजित. नावातच जग जिंकून बसलेला. नाना त्याला विशू म्हणायचे. वय पस्तीस, डोकं तल्लख, चालणं असं की बरोबरच्याला पळावं लागायचं. कुठल्या राज्यात कुठल्या वळणावर किती माणसं गेली, हे झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगायचा. नाना थकले होते. रविवारी वार्षिक सभेत नवा अध्यक्ष ठरायचा होता, आणि तो विशूच असणार हे ऑफिसखालच्या चहावाल्यालाही माहीत होतं.

मध्ये फक्त एक गुरुवार होता. त्या गुरुवारी राजधानीत रस्ते खात्याच्या मोठ्या साहेबांची भेट ठरली होती, अकरा ते अकरा दहा. या दहा मिनिटांसाठी विशूनं दोन वर्षं पत्रं लिहिली होती. मागणी एकच होती. हायवेला लागून जेवढ्या शाळा आहेत, तेवढ्या प्रत्येक शाळेसमोर पायी रस्ता ओलांडायची सोय करा. फाईल चाळीस पानांची, खाली एकवीस संस्थांच्या सह्या. फाईल नानांच्या पिशवीत.

आत सात जणांनाच सोडणार होते. नाना, विशू, तीन राज्यांमधले तीन शांत गृहस्थ, ट्रकचालकांच्या संघटनेचे सरदार करनैलसिंग, आणि प्रमिलाताई. प्रमिलाताईंचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्यांच्या गावातली शाळा हायवेच्या पलीकडं. पोरांना सोडायला जाताना एका टँकरनं त्यांचा पाय नेला. तेव्हापासून रोज सकाळी बाई काखेत कुबडी आणि हातात लाल पाटी घेऊन शाळेसमोर उभ्या राहायच्या आणि गाड्या थांबवायच्या. आठ वर्षांत तिथं एकही पोर दगावलं नव्हतं. या सगळ्यांचं आपापसातलं बोलणं हिंदीत चालायचं, पण आपण मराठीतच ऐकू.

तर त्या सकाळी बस अडकली. अकराला दहा कमी असताना साहेबांचं ऑफिस समोर दिसत होतं, पण रस्त्याच्या त्या बाजूला. मध्ये आठ पदरी रस्ता आणि त्याच्या पोटात लोखंडी दुभाजक.

"यू-टर्न तीन किलोमीटर पुढं आहे," ड्रायव्हर म्हणाला. "जाऊन येऊन अर्धा तास धरा."

"इथंच उतरा," विशू म्हणाला.

सगळे उतरले. जरा पुढं पादचारी पूल होता, पण उंच, आणि वळसा मोठा. बरोबर समोर मात्र दुभाजकाचे दोन गज कुणीतरी कापून ठेवले होते. अशी फट प्रत्येक गावात असते आणि ती कुणी केली ते कुणालाच माहीत नसतं. विशूनं डावीकडं बघितलं, हात वर केला आणि सुटला. तो सुटला म्हणून मागनं सरदारजी सुटले. सरदारजी सुटले म्हणून ते तीन शांत गृहस्थ धोतर, पँट, फायली सावरत पळाले. एक टेम्पो कचकन थांबला आणि त्यातल्या माणसानं पाचही जणांच्या घरच्यांची आठवण काढली. पण पोचले. रस्ता सुरक्षा महासंघ फटीतनं पलीकडं पोचला.

गेटवर विशूनं घड्याळ बघितलं. अकराला तीन कमी. मग त्याला फाईल आठवली. त्यानं वळून बघितलं.

पलीकडच्या फुटपाथवर नाना आणि प्रमिलाताई उभे होते. विशूनं फोन लावला. मध्ये आठ पदर, दोघं एकमेकांना दिसतायत, आणि फोनवर बोलतायत.

"नाना, या की."

"कुठनं येऊ?"

"फटीतनं. मी हात करतो, तेव्हा निघा."

"आणि प्रमिलाताई?"

"त्यांना बसू दे ना सावलीत. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. तुम्ही फाईल घेऊन या."

"बरं," नाना म्हणाले आणि फोन पिशवीत टाकला.

मग त्यांनी जे केलं ते बघून विशूचं डोकंच फिरलं. नानांनी फुटपाथच्या कडेला रुमाल अंथरला, छत्री उघडली आणि बैठक मारली. बाजूला प्रमिलाताईंना बसवलं. छत्री दोघांच्या डोक्यावर धरली. जत्रेला आल्यासारखे दोघं निवांत.

"नाना, तुम्ही जावा की," प्रमिलाताई म्हणाल्या. "माझ्यापायी कशाला काम नासवता? मी बसते हितं."

"दोघं बसू. जागा आहे."

"मी पाटी धरून बघू का? गावाकडं थांबतात गाड्या."

"थांबतील?"

प्रमिलाताईंनी त्या रस्त्याकडं नीट बघितलं. "नाही," म्हणाल्या. "आमच्याकडच्या गाड्यांना ब्रेक असतात. हितल्यांना नुसते हॉर्न दिसतायत."

इकडं विशू तीनदा फोन लावून दमला. नाना उचलेनात. "म्हाताऱ्याला खुर्ची सोडायची नाहीय," तो दात आवळून म्हणाला. "रविवार जवळ आला म्हणून मुद्दाम करतोय."

करनैलसिंग गुडघा चोळत उभे होते. पळताना तो दुभाजकावर आपटला होता. "विशूभाई," ते म्हणाले, "वीस टनांचा ट्रक मी घाटात मागं घेतलाय. आपण पाच माणसं आहोत. मागं जाऊ या."

"अकरा वाजले, सरदारजी."

आणि विशू आत गेला. चौघं त्याच्या मागनं गेले, कारण आता दुसरं काय करणार.

मोठे साहेब बारीक अंगाचे आणि कमी बोलणारे होते. त्यांनी खुर्च्या दाखवल्या. "सात जण येणार होते."

"पाच आलो, सर."

"फाईल?"

"ती... पलीकडं आहे, सर."

"कुठं पलीकडं?"

"रस्त्याच्या पलीकडं. आमच्या अध्यक्षांकडं."

"मग आणा. आठ मिनिटं आहेत अजून."

"ते येत नाहीयेत, सर."

"का?"

विशूला देशातले सगळे आकडे पाठ होते. या 'का'ला मात्र आकडा नव्हता. तो म्हणाला, "आमच्याबरोबर एक बाई आहेत. त्यांना एक पाय नाहीये. त्यांना रस्ता ओलांडता येत नाही, म्हणून अध्यक्षही थांबलेत."

"समोर पूल आहे ना?"

"आहे, सर."

"लिफ्ट आहे त्याला."

विशूला ते माहीत नव्हतं. पुलाकडं त्यानं धड बघितलंही नव्हतं. साहेब उठून खिडकीशी गेले. खाली, आठ पदरांच्या पलीकडं, एक काळी छत्री दिसत होती.

"आणि तुम्ही पाच जण कसे आलात?" साहेबांनी खिडकीतनं नजर न काढता विचारलं.

उत्तर करनैलसिंगांनी दिलं. "फटीतनं, साहेब."

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. ते जागेवर येऊन बसले. "पुढच्या महिन्यात चार तारीख. फाईल घेऊन या. त्या बाईंनाही आणा."

दोन वर्षांची दहा मिनिटं सहा मिनिटांत संपली.

विशू परत निघाला तेव्हा फटीकडं जायला त्याचा पाय उचलेना. तो पुलाकडं वळला. मनातल्या मनात पायऱ्या मोजत चढला. अठ्ठावन्न. वर लिफ्टच्या दाराला गंजलेलं कुलूप होतं, आणि काचेतनं आत बघितलं तर झाडू, बादल्या आणि कुणाचा तरी चहाचा स्टोव्ह सुखानं राहात होते. मग अठ्ठावन्न पायऱ्या खाली. शेवटच्या पायरीवर आला तेव्हा त्याला धाप लागली होती, आणि त्याचे तर दोन्ही पाय शाबूत होते.

तो नानांसमोर येऊन उभा राहिला. बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंडातनं निघालं एवढंच, "लिफ्टला कुलूप आहे."

"माहीत आहे," नाना म्हणाले. "तू पळालास तेव्हा आम्ही जाऊन बघून आलो. खालच्या दारालाही आहे. ताई एकोणीस पायऱ्या चढल्या. मग मीच म्हटलं, पुरे. आता तूही बस इथं."

विशू फुटपाथवर बसला. "नाना, मला वाटलं तुम्हाला खुर्ची सोडायची नाहीय."

"मी कधीचा जमिनीवर बसलोय रे." नानांनी छत्री जराशी त्याच्याकडंही सरकवली. "आत जाऊन काय मागणार होतास?"

"रस्ता ओलांडायची सोय."

"कुणासाठी?"

विशूनं प्रमिलाताईंकडं बघितलं.

नाना सावकाश बोलले. "ज्यांच्यासाठी मागायचं, त्यांनाच मागं ठेवून तू मागायला गेलास. हे एक झालं. दुसरं बघ. सोय नसली तरी माणूस फटीतनं पळून पलीकडं पोचतो, हे तू त्या साहेबांच्या खिडकीखालीच सिद्ध करून दाखवलंस. मग त्यांनी सोय कशाला करावी? आणि तिसरं. तू पळालास म्हणून चौघं पळाले. त्यांनी रस्ता बघितलाच नाही, तुझी पाठ बघितली. पुढं असणाऱ्याची पाठ ही फार जोखमीची चीज आहे, विशू. तिच्यावर विसंबून माणसं गाड्यांच्या समोर पाय टाकतात. सरदारजींचा गुडघा गेला. त्या टेम्पोचा ब्रेक लागला नसता, तर रविवारी आपण सभा घेतली नसती, शोकसभा घेतली असती."

करनैलसिंग तोवर लंगडत, बाकीच्या तिघांबरोबर, पूल उतरून आले होते. ते म्हणाले, "गुडघा ठीक आहे, नाना."

"ठीक नाहीय. बसा."

समोरनं गाड्या वाहात होत्या.

"पण मी वळून बघितलं होतं, नाना," विशू हळूच म्हणाला.

"बघितलंस," नाना म्हणाले. "फाईल आठवली म्हणून."

एवढंच बोलले. आवाजही चढवला नाही. विशूनं त्यांच्या हातातली छत्री घेतली आणि बस येईपर्यंत प्रमिलाताईंच्या डोक्यावर धरून बसला. ऊन त्याच्या स्वतःच्या डोक्यावर आलं, पण त्यानं छत्री हलवली नाही.

रविवारी सभा झाली. विशू उठला आणि त्यानं गुरुवारी काय काय केलं ते सगळं, फटीसकट, एकवीस संस्थांसमोर सांगून टाकलं. "यावर्षी माझं नाव नको," म्हणाला. लोक आधी पोटभर हसले. मग गप्प झाले, कारण त्या सभेला येताना स्टेशनबाहेरच्या फटीतनं कोण कोण आलं होतं ते ज्याचं त्याला माहीत होतं. नाना उठले आणि त्यांनी अध्यक्षपदासाठी विशूचंच नाव सुचवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "परत येताना तो पुलावरनं आला." यावेळी एकमत व्हायला दुसरा चहासुद्धा लागला नाही.

चार तारखेला सातही जण सकाळी आठला निघाले. बस तीन किलोमीटर पुढं जाऊन वळली. दोन तास आधी पोचून ते साहेबांच्या दारातल्या बाकावर बसून राहिले. आत गेल्यावर विशूनं फाईल टेबलावर ठेवली आणि त्यानं तोंड उघडलंच नाही. प्रमिलाताई बोलल्या. दहा मिनिटं ठरली होती, पंचवीस झाली. पुलावरच्या लिफ्टचं कुलूप दोन महिन्यांनी निघालं. शाळांचं काम मोठं आहे, ते अजून चाललंय.

विशूबरोबर रस्ता ओलांडायचा म्हणजे आता डोक्याला ताप आहे. फुटपाथवरनं पाय उतरवायच्या आधी तो मागं वळतो आणि एकेक माणूस मोजतो. सगळे जमल्याशिवाय हलत नाही. घाईतले लोक कुरकुरतात. तो म्हणतो, थांबा, अजून एक जण यायचाय.

तेव्हा उद्या तुम्हीही उशीर झाला म्हणून दुभाजकाच्या फटीत पाय घालायला जाल, तेव्हा एकदा मागं वळा. काय राहिलंय ते नंतर बघा, आधी कोण राहिलंय ते बघा.