धुडकू आणि नथ्थूमामाचा कोरडा बर्फ

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. हिच्यात एका शब्दाचीही भर घातलेली नाही. फक्त जिथं कमी पडली तिथं जरा वाढवली, आणि जिथं खरी वाटेना तिथं नवीन केली.

एका गावात एक भोळा धुडकू होता. वय तिशीला टेकलेलं, अंगानं बैल, मनानं वासरू. त्याच्या आईनं त्याला आपल्या भावाकडे धाडलं आणि सांगितलं, "दादा, ह्याला चार गोष्टी शिकव." दादानं शिकवल्या. पुढं जे काही झालं ते ह्या शिकवण्यानंच झालं.

हा दादा म्हणजे नथ्थूमामा. हमरस्त्याला त्याचं दुकान. पुढच्या बाजूला सोडा, मागच्या खोलीत परवाना घेऊन बिअर. म्हणजे गावातली माणसं पुढून यायची आणि मागं जायची, आणि घरी गेल्यावर सांगायची की सोडा प्यायलो.

मामानं शहरातून नवी युक्ती आणली होती. कोरडा बर्फ. हा बर्फ वितळत नाही, ह्याची थेट वाफ होते. पिंपात सोडा भरायचा. शेजारी जाड लोखंडी टाकी. टाकीत ह्या बर्फाचे खडे टाकून झाकण आवळायचं. खड्यांची वाफ नळीनं पिंपात शिरते आणि सोड्याला मागून ढकलते. जास्तीची वाफ टाकीच्या शिट्टीतून निघून जाते. बाकीचा बर्फ थर्माकोलच्या खोक्यात. त्या खोक्यातून वेटोळी नळी फिरवलेली. सोडा त्या वेटोळ्यांतून नळाला येतो तेव्हा दात कळवळतात. बिअरचंही तसंच, फक्त तिथं दातांकडे कुणाचं लक्ष नसतं.

मामाचा सगळा जीव अडकला होता गावच्या यात्रेत. दर वर्षी त्याची सोड्याची गाडी म्हशींच्या बाजारामागं लागायची. वारा तिकडूनच. गिऱ्हाईक पेला तोंडाला लावायचं, एकदा वास घ्यायचं, एकदा मामाकडे बघायचं आणि पेला खाली ठेवायचं. मामाला हवी होती कुस्तीच्या आखाड्याशेजारची जागा. ती देणार यात्रा कमिटीचे अध्यक्ष सुपडूअण्णा. अण्णांनी सांगून ठेवलं होतं, "नथ्थू, यंदा तुझा सोडा पिऊन बघीन. आवडला तर आखाडा, नाहीतर म्हशी."

कोरड्या बर्फाचा पहिला खोका एसटीनं आला. मामा म्हणाला, "धुडकू, बर्फ उतरवून आत ठेव."

धुडकूला बर्फ ठाऊक होता. भुशातला. तो आणला की आधी धुवायचा. त्यानं खोका उघडला, नळाखाली धरला आणि चांगला खळखळून धुतला. धुता धुता बर्फ लहान होत गेला आणि परसात एवढं धुकं झालं की मामी चहा घेऊन आली ती शेजारच्या घरात गेली. धुकं ओसरलं तेव्हा धुडकूच्या हातात रिकामा खोका होता. खोका मात्र स्वच्छ होता.

मामानं कपाळावर हात मारला. "अरे, गार राहायला हवं असेल तर त्याला पाणी दाखवायचं नसतं! कोरड्या जागी, सावलीत ठेवायचं. हात लावायचा तो जाड मोजे घालून!"

"बरं मामा," धुडकू म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. धुडकूत सगळे दोष होते, विसरण्याचा तेवढा नव्हता.

दोन-तीन दिवसांनी वच्छामामी म्हणाली, "धुडकू, ऊन फार झालंय. म्हशीला जरा गार ठेव बाबा."

गार ठेवायचं! हे तर मामानं शिकवलेलंच. धुडकूनं जाड मोजे घातले, म्हशीला कोरड्या गोठ्यात नेऊन बांधली, दारं ओढून घेतली आणि पाण्याची बादली लांब नेऊन पालथी घातली. म्हैस दिवसभर ओरडली. धुडकू बाहेरून समजूत घालत होता, "थांब ना बाई, गार होतेयस."

संध्याकाळी म्हशीनं दूध दिलं नाही. लाथ दिली. ती मामीला बसली.

"अहो, तुमचा भाचा!" मामी कंबर धरून ओरडली.

मामानं कपाळावर हात मारला. "अरे, गार करायचं तर डोहावर न्यायचं! गळ्यापर्यंत पाण्यात बसवायचं, पेंढीनं खसाखसा अंग घासायचं!"

"आधी तर म्हणालास पाणी दाखवू नको."

"ते आधी! आता हे!"

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

पुढच्या आठवड्यात बिअरचं भरलेलं पिंप आलं. मामाला तालुक्याला जायची घाई. जाता जाता म्हणाला, "पिंप गार करून ठेव रे."

धुडकूनं पिंप खांद्यावर घेतलं आणि डोहावर नेलं. गळ्यापर्यंत पाण्यात बसवलं. गावच्या सगळ्या म्हशी तिथंच बसल्या होत्या, त्यांना जरा सरकायला लावलं. मग पेंढी घेऊन पिंपाचं अंग खसाखसा घासलं. पाठ घासली, पोट घासलं. पोटावर तोटी होती. ती घासताना फिरली.

डोहाला फेस आला. म्हशींनी आधी हुंगलं, मग चाटलं, मग माना खाली घातल्या त्या वर काढल्याच नाहीत. दिवेलागणीला गुराखी हाका मारून दमले, एकही म्हैस बाहेर येईना. एक आली ती मागं मागं चालत आली. दुसऱ्या दिवशी गावात सकाळचा चहा प्यायल्यावर जन्माचे भांडकुदळ शेजारी एकमेकांच्या गळ्यात पडले, असं सांगतात. दुधाबद्दल तक्रार मात्र कुणाची आली नाही. उलट दोन-चार जण विचारून गेले, आज पुन्हा नेणार का म्हशी डोहावर?

मामानं कपाळावर हात मारला. तिथं आता घट्टा पडायला आला होता. "अरे गाढवा, तू पिंपाला हातच का लावतोस? खडे आत टाकायचे आणि लांब उभं राहायचं. ढकलायचं काम वाफेचं! आपण ढकलायचं नाही, ओढायचं नाही, काही नाही!"

"वाफ ढकलते?"

"वाफ ढकलते!"

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

त्याच आठवड्यात खुद्द सुपडूअण्णांची जीप दुकानासमोरच्या चढावर बंद पडली. अण्णा आत बसून ओरडले, "ए धुडकू, ये, जरा ढकल!"

धुडकू हाताची घडी घालून उभा राहिला.

"अरे ढकल की!"

"आपण ढकलायचं नसतं अण्णा. ढकलायचं काम वाफेचं."

"कसली वाफ?"

"आणतो."

धुडकूनं मोजे घातले, मूठभर खडे आणले आणि जीपच्या मागं गेला. तिथं एक नळी दिसली. मामाच्या टाकीलाही नळीच होती. त्यानं त्या धुराच्या तापलेल्या नळीत खडे कोंबले आणि लांब जाऊन उभा राहिला.

मागून भस्सकन पांढरे लोट निघाले. अण्णांनी आरशात बघितलं. "पेटली!" म्हणून किंचाळले आणि दार उघडून उडी मारली ती थेट बाभळीच्या काट्यांत. पुढं बरेच दिवस कमिटीच्या बैठका त्यांनी उभ्यानंच घेतल्या. त्या लवकर आटोपू लागल्या, हा गावाचा फायदा.

मामा पायाशी गेला. "अण्णा, माफ करा. पोर भोळं आहे. एकदा सोडा तर चाखून बघा."

"चाखीन," अण्णा काटा उपटत म्हणाले. "शब्द दिलाय. पण नथ्थू, आता सोडा लई चांगला असावा लागेल हं."

घरी येऊन मामानं धुडकूला समोर बसवलं. "हे बघ. ह्या बर्फाचा पांढरा लोट दिसला की माणसं घाबरतात. आपण आधी हात जोडून सांगायचं, घाबरू नका, हा धूर नाही, नुसता गारवा आहे, जवळ या."

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

यात्रा तोंडावर आली. मामानं परसात नवा कोरा मांडव उभारून बघितला. बांबू, वर वाळक्या पाल्याचं छप्पर, झालरी. अण्णांना सावली हवी ना. मामी शेजारी चूल मांडून शेंगा भाजत होती. ती मीठ आणायला आत गेली आणि एक ठिणगी उडून छपरावर बसली.

धुडकू तिथंच होता. त्यानं लोट पाहिला. लगेच हात जोडले. शेजारीपाजारी धावत आले त्यांना म्हणाला, "घाबरू नका. हा धूर नाही, नुसता गारवा आहे. जवळ या."

"अरे, जाळ दिसतोय वर!"

"गारवाच आहे. मामानं सांगितलंय."

मामाचं नाव निघाल्यावर लोक थांबले. मामाकडे रोज काही ना काही नवीन असायचं. दोघंतिघं जवळही गेले आणि म्हणाले, "गारवा बराच ऊन आहे." तोवर मांडव बसला होता. झालरी गेल्या, शेंगा तेवढ्या मस्त भाजल्या.

मामानं कपाळावर हात मारला नाही. त्यानं धुडकूचे दोन्ही कान धरले. "धूर दिसला की काय करायचं? ओरडायचं, आग आग! आणि मिळेल ते पाणी घेऊन ओतायचं! दिसला धूर की ओत पाणी! विचार करत बसायचं नाही!"

"विचार मी करतच नाही मामा."

"ते दिसतंय!"

"ध्यानात ठेवतो."

यात्रेचा दिवस उगवला. मैदान माणसांनी फुललं. पाळणे फिरत होते, ढोल वाजत होते, रेवड्यांच्या पाट्या लागल्या होत्या, आखाड्यात पैलवान मांड्या थोपटत होते. अण्णांच्या परवानगीनं मामानं आखाड्याशेजारी सोडा चाखवण्यापुरती गाडी लावली होती. दिवसभर पुरेल असा बर्फाचा भला मोठा खोका आणला होता. पेले विसळायला पाण्याचं टिपाड भरून ठेवलं होतं. ते उन्हात तापून चांगलं गरम झालं होतं. धुडकूला मामानं टिपाडाजवळ उभं केलं आणि बजावलं, "पेले विसळ. दुसरं काही करू नको."

सुपडूअण्णा आले. पांढरं धोतर, कडक टोपी, मागं सगळी कमिटी. मामानं टाकीचं झाकण तपासलं, देवाचं नाव घेतलं आणि नळ सोडला. सोडा पेल्यात आला, काच बाहेरून घामेजली. अण्णांनी पेला तोंडाला लावला. कमिटीनं अण्णांच्या तोंडाकडे बघितलं, कारण मत तिथूनच घ्यायचं होतं.

अण्णांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. मग एक लांबलचक ढेकर दिला.

"वा!" अण्णा म्हणाले.

"वा!" कमिटी म्हणाली.

"नथ्थू, मानलं तुला. ही जागा आता..." अण्णा बोलता बोलता खोक्याकडे वळले. "पण एवढं गार होतं कशानं रे? तो बर्फ दाखव तरी एकदा."

मामाची छाती फुगली. त्यानं खोक्याचं झाकण दोन्ही हातांनी उचललं. आतून पांढरा लोट वर आला आणि हळूहळू अण्णांच्या धोतराभोवती फिरू लागला.

धुडकूनं लोट पाहिला.

"आग! आग!"

अख्खं टिपाड त्यानं उचललं. बैलासारखं अंग आज कामी आलं. निम्मं पाणी त्यानं अण्णांच्या डोक्यावर ओतलं, कारण धूर त्यांच्याभोवती होता. निम्मं खोक्यात ओतलं, कारण धूर तिथून येत होता.

गरम पाणी आणि दिवसभराचा बर्फ. भसाभसा भसाभसा पांढरे ढग उसळले. गाडी दिसेनाशी झाली, आखाडा दिसेनासा झाला. आत कुठंतरी धुडकूचा खणखणीत आवाज, "आग! आग! पळा!" मग कोण थांबतंय? रेवडीवाले पाट्या डोक्यावर घेऊन पळाले. ढोलवाले ढोल वाजवतच पळाले. पैलवान लंगोटावर पळाले, आणि कुस्ती कोणी जिंकली ते अजून ठरलेलं नाही. पाळण्यात वर अडकलेले लोक खालच्यांना पळा पळा म्हणून सांगत होते. कमिटी तर सगळ्यांच्या पुढं होती.

ढग विरले. खाली मैदानात एक चप्पल, दोन फुगे आणि तीन माणसं उरली. धुडकू टिपाड पालथं घालून उरलेला थेंब काढत होता. अण्णांची टोपी कानावर लोंबत होती, मिशांतून पाणी ठिबकत होतं, हातात पेला तसाच होता.

"विझली मामा," धुडकू म्हणाला. "ह्या वेळी बरोबर केलं ना?"

मामाला त्याच्याकडे बघवेना. तो अण्णांसमोर हात जोडून उभा राहिला. तरी एवढं विचारलंच, "अण्णा, तुम्ही मघाशी काहीतरी म्हणत होता... जागेचं."

अण्णांनी मिशी पिळली. रिकाम्या मैदानावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवली. मग पेल्यातला उरलेला सोडा शांतपणे संपवला.

"जागा ना? घे की नथ्थू. कुठली हवी तिथं बस. सगळंच मैदान मोकळं आहे."