गालातले शेंगदाणे

फार पूर्वीची गोष्ट. चैत्र वद्य पंचमी होती, ऊन कडक, वारा पडलेला. खारीची ढोली पेटली. रानातल्या अग्निदलाने ती विझवली आणि बाळ्या माकडाने आत शिरून तिची पिल्लं बाहेर काढली.

दलाचा रिवाज असा, की निघण्याआधी प्रत्येकाने घरधनिणीला तोंड उघडून दाखवायचं. बाळ्या मात्र मघापासून नुसती मान हलवत होता. दलप्रमुख गणोजी हत्तीला ते खटकलं.

"बाळ्या, आ कर."

"राहू द्या हो दादा," खार म्हणाली, "माझी पिल्लं वाचवलीत त्यानं."

"म्हणून तर तू विचारणार नाहीस. आ कर."

बाळ्याच्या गालातून तिच्या साठवणीतले शेंगदाणे पडले.

"मीच दिले त्याला," खार घाईने म्हणाली.

"आत्ता दिलेस. त्यानं आधीच घेतले होते."

शेंगदाणे खारीला परत मिळाले. बाळ्याला दलातून काढलं.