बैल प्राचार्य झाला तेव्हा

लई जुनी गोष्ट आहे, जनावरंसुद्धा कॉलेजात जायची तेव्हाची. एका रानात सगळ्यांच्या मालकीचं औषधांचं कॉलेज होतं. प्राचार्य कासवगुरुजी. कुठल्या दुखण्यावर कुठला पाला, हे अख्ख्या रानात फक्त त्यांनाच पाठ.

एक दिवस मुंगूस माकडाला म्हणालं, "दम असेल तर बैलाला प्राचार्य करून दाखव."

माकडानं पैज घेतली. अक्कल कमी, दुसरं काय.

कॉलेजच्या पंचांची एक पद्धत होती. सिंहराजाच्या दरबारची चिठ्ठी आली की आधी कपाळाला लावायची, मग हात वर करून मंजूर म्हणायचं, आणि मग वाचायची. माकडानं एका पानावर नखानं ओळ खरडली आणि दरबारातून आलंय म्हणून पंचांपुढे ठेवली. कपाळाला लागली, हात वर झाले, बैल प्राचार्य.

वाचल्यावर पंच चक्रावले. बैल? पण विचारणार कोण? पंचांतल्या हत्तीआजोबांना वाटलं, राजाची इच्छा. सिंहराजाला वाटलं, कोल्हा प्रधानाचं काम. प्रधानाला वाटलं, राणीसाहेबांचं. राणीला वाटलं, राजाचं. हे माझं काम नाही म्हटलं तर आपलं काही चालत नाही असं दिसेल, म्हणून दरबारातले तिघंही नुसते गालात हसत राहिले. बैलाला वाटलं, आपण हुशारच आहोत.

पहिल्याच दिवशी प्राचार्यसाहेबांनी औषधांची बाग चरून टाकली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षातलं हरणाचं पाडस तापानं फणफणलं. हवा तो पाला साहेबांच्या पोटात, आणि तो आणखी कुठं उगवतो हे माहीत असलेले गुरुजी पद गेलं म्हणून रान सोडून नदीकडे निघालेले.

माकडाची पार तंतरली. मुंगसाकडे गेलं, तर मुंगूस म्हणे मी कुठं काय केलं. मग ते पंचांकडे पळालं, गुरुजींना थांबवा म्हणून रडायला लागलं.

हत्तीआजोबा म्हणाले, "दरबारचा शब्द आहे बाबा. आपण काय बोलणार?"

"दरबारचा नाही, आजोबा. ते पान मीच खरडलं."

 मग आजोबांनी हळूच विचारलं, "आणि त्याच्या आधीची पानं?"

"ती माझी नव्हती," माकड म्हणालं. "पण न वाचता वर झालेले हात तुमचेच होते."

गुरुजींना काठावरून परत आणलं. पाडस कसंबसं वाचलं. माकडाला वर्षभर बाग लावावी लागली.

तात्पर्य: शिकण्याची जागा ज्यांच्या हाती सोपवलीय, त्यांनी भीतीनं मान डोलावली की भोगतात दुसरेच.